ओम्दाला सांभाळ

१० मार्च, सोमवार

गेला एकदाचा! सकाळच्या गाडीने लबीब असियूतच्या मोठ्या इस्पितळात गेला, छाती उघडून घ्यायला. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात म्हणे. मामेभाऊ शफीक बरोबर आहे. मी नाही. मी येते म्हटलं तर म्हणतो, "वॉर्ड पुरुषांचा आहे. तू तिथे नर्सांना शिस्त लावत बसशील. तू घरी थांब. ओम्दाला सांभाळ."

सख्खा भाऊ. तोही जुळा. आईच्या पोटापासून बरोबर, सहासष्ट वर्षं — आणि फलाटावर शेवटचं वाक्य काय, तर बोक्याला सांभाळ. मला "जप गं स्वतःला" म्हणायला काय जीभ झडत होती? गाडी हलली तरी खिडकीतून चालूच — गच्चीवर जाऊ देऊ नकोस, माशाचे काटे काढून दे, उन्हात बसला तर उठव. शेजारचा हमाल मला विचारतो, "बाई, नातू आहे का घरी?" म्हटलं, "नाही, गावचा पाटील आहे." ओम्दा म्हणजे आमच्याकडे पाटीलच की.

घरी आले तर पाटील लबीबच्या खुर्चीत. माझ्याकडे बघून जांभई दिली.

११ मार्च, मंगळवार

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा तिसरा आठवडा. पंचावन्न दिवस घरात मांस नाही, मासा नाही, दूध नाही, अंडं नाही. मसूर, बटाटे, तिळाची ताहिनी, परत मसूर. आमची दुसरी मांजरी हलावा गरीब आहे, तेल लावलेली भाकरी खाते आणि झोपते. ओम्दाने मसुराचा वास घेतला आणि पुढच्या पायाने फरशी उकरून त्यावर माती लोटल्यासारखं केलं. माझ्या स्वयंपाकावर! लबीब असता तर खो-खो हसला असता.

म्हणून हाज बदरीच्या दुकानात गेले. पाव किलो कलेजी मागितली. चारचौघांत ओरडून विचारतो, "बाई, तुमचा उपास ना?"

"बोक्यासाठी आहे."

"हो हो. बोक्यासाठी." आणि गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारला.

हा बदरी विज्ञानात दोनदा नापास झालेला. मीच केलेला. तेहतीस वर्षं शिक्षिका म्हणून कमावलेली अब्रू पाव किलो कलेजीत गेली.

१२ मार्च, बुधवार

लबीबचा फोन. तपासण्या चालू आहेत. ऑपरेशन तेवीसला, रविवारी. म्हटलं, तुला कसं वाटतंय? "माझं सोड. ओम्दा जेवला का?" जेवला. "झोप नीट होते का?" होते. "चिडचिड करतो का फार?" बोका आहे, चिडचिड करणारच! ठेवला फोन.

१३ मार्च, गुरुवार

ओम्दा आज शेजारी गेला नाही. हे नवीनच.

रमझान लागल्यापासून त्याचा नेम ठरलेला. सूर्यास्ताची तोफ होण्याच्या आधी दहा मिनिटं हा शाझलीच्या आईच्या भिंतीवर हजर. तोफ झाली की तिच्याकडे रोजा सोडायला पहिला हाच. रमझानात मुसलमान आणि ईस्टरला ख्रिस्ती, कुठलाच सण सोडत नाही. आज तोफ झाली तरी खुर्चीतून उठला नाही. मग ती ताटली घेऊन स्वतःच आली. "बाई, तुमचा भाऊ आज जेवायला आला नाही!"

भाऊ म्हणजे ओम्दा. तेच ते. जुळ्यांपैकी एकाचा जीव झोपेत मांजर होऊन फिरतो, म्हणून मांजराला मारू नये. मांजराला लागलं तर पोराला लागतं, मांजर मेलं तर झोपलेलं पोर उठत नाही. तान्हेपणी उंटिणीचं दूध पाजलं असेल तरच जीव बाहेर पडत नाही. आमच्या इस्ना गावातल्या प्रत्येक पोराला हे पाढ्यांच्या आधी येतं. मी तेहतीस वर्षं वर्गात हे खोडून काढलं. आणि मुळात हे लहान मुलांपुरतं असतं, बारा वर्षांपुढे कोणी मांजर होत नाही — अंधश्रद्धेलासुद्धा वयोमर्यादा आहे. पण लबीबला आमच्या आळीने खास सूट दिली आहे. का, तर त्याची बायको मार्सील वारली, तिच्या चाळिसाव्या दिवशी हा बोका कुठूनसा आला आणि सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसला. नऊ वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ओम्दाला ताप आला, तर लबीबलाही ताप आला. (मलाही आला होता, पण ते कोणी धरत नाही.)

आणि लबीब? "मी बोका आहे" असं कधी म्हणत नाही. पण "नाही" असंही म्हणत नाही. नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसतो.

आणि त्या बोक्याचा स्वभाव तरी लबीबसारखा आहे का? सकाळी उठून सगळं घर फिरून तपासतो. एखादं दार उघडं राहिलं की ओरडतो. गल्लीत पोरं दंगा करायला लागली की गच्चीच्या कडेला येऊन नुसता बघतो, पोरं गप्प. लबीबला तर घराला दारं किती तेही सांगता येणार नाही. कुणाचं वळण गेलंय त्या बोक्यावर, देव जाणे.

कलेजीही खाल्ली नाही. उद्या बघू.

१५ मार्च, शनिवार

ओम्दाला टोपलीत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात. टुकटुकवाला म्हणाला, "बाई, कोंबडी का?" टोपलीतून ओम्दाने उत्तर दिलं, तेव्हा गप्प बसला.

दवाखान्यात माझ्यापुढे एक म्हैस आणि दोन गाढवं. कारकुनाच्या कागदावर चारच रकाने: म्हैस, गाय, गाढव, उंट. त्याने बराच विचार करून गाढवावर खूण केली. मग विचारतो, "वजन अंदाजे? ओझं किती वाहतं?"

"घराचं सगळं," म्हटलं.

डॉक्टर चांगला निघाला. पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या. म्हणाला, "मूत्रपिंडं गेलीत, बाई. म्हातारा आहे. आठवडा काढेल, फार तर दहा दिवस."

मी मनात दिवस मोजले आणि बोलून गेले, "रविवारपर्यंत पाहिजे. तेवीसला ऑपरेशन आहे."

"बोक्याचं?"

"भावाचं."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मग उठून दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "जुळे?"

शिकलेला माणूस! सरकारी डिग्री भिंतीवर टांगलेली! मी ताडकन म्हणणार होते की डॉक्टर, तुम्हाला शोभतं का. पण त्याने तोवर दुसरं इंजेक्शन भरायला घेतलं होतं, चांगलं, आपल्या कपाटातलं. मग मी म्हटलं, "हो, जुळे."

गाढवाच्या कागदावर सही करून घरी आले.

१६ मार्च, रविवार

"ओम्दा कसा आहे?" "उत्तम." उपासात खोटं बोलले.

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर डोळ्यांत औषध घालायच्या नळीने पाणी पाजते. अर्धं तो पितो, अर्धं माझ्या बाहीत जातं. लबीबचा तपकिरी स्वेटर अंगावर घातलाय त्याच्या. शाझलीची आई कोंबडीचं सूप आणते, तिचा रोजा असतो म्हणून चाखून न बघता करते, त्यामुळे मीठ कधी दुप्पट, कधी नाहीच. म्हटलं तर म्हणते, "बोका तक्रार करत नाही, तुम्हीच करता."

दुपारी मी त्याला सरळ सांगितलं. म्हटलं, हे बघ, तुझं-माझं कधी पटलं नाही. माझ्या दोन उश्या फाडल्यास, माझ्या वहीवर बसलास, नऊ वर्षं मला ह्या खुर्चीत बसू दिलं नाहीस. तरी हात जोडते. रविवारी दुपारपर्यंत थांब. मग मर खुशाल.

त्याने डोळे उघडून बघितलं आणि परत मिटले. मग मला माझीच लाज वाटली. आजारी जिवाशी असं बोलतात का? अर्धा तास त्याच्या कानामागे खाजवलं. त्याला आवडतं हे मला आजवर माहीत नव्हतं. म्हणजे लबीबला खाजवताना बघितलं होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

ओम्दा गेला. दुपारी चार वाजता, खुर्चीत, माझ्या हातावर डोकं ठेवून.

आधी मला कळलंच नाही. हात अवघडला म्हणून हलवला, तेव्हा कळलं. तशीच उठले आणि फोनकडे धावले. शफीकला विचारलं, लबीब कुठे आहे? "झोपलाय."

"उठव त्याला."

"अगं आत्ता कुठे डोळा लागलाय, सगळी रात्र—"

"शफीक, उठव म्हणते ना!"

फोनमधून खाटेचा आवाज आला, मग शफीकचं "लबीब, ए लबीब", मग काहीच नाही. मग लबीबने शफीकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतकी गोड शिवी मी जन्मात ऐकली नव्हती. फोन ठेवला आणि जमिनीवर बसून धाय मोकलून रडले. लबीबसाठी म्हणून रडायला बसले होते. पण रडता रडता कळलं की बोक्यासाठी रडते आहे.

२१ मार्च, शुक्रवार

परसात पेरूच्या झाडाखाली पुरलं. खड्डा शाझलीच्या आईने खणला, मला कुदळ उचलेना. मी माझ्या उशीचा अभ्रा दिला. फाडलेल्यांपैकीच एक.

"लबीबभाऊंना सांगू नका," ती म्हणाली. "ऑपरेशन होऊ दे."

"मी काय खुळी आहे?"

"आणि बाई, तुम्ही तर हे मानतच नाही ना?"

"नाही मानत."

"मग थरथरताय का?"

वारं आहे म्हटलं.

संध्याकाळी फोन. ओम्दाने आज काय केलं? मी सांगत सुटले — गच्चीवर गेला होता, पडदा ओरबाडला, हलावाला मारलं, फार गोड आहे हो तो.

"गोड? ओम्दाला तू गोड म्हणालीस?"

"उपास आहे. शिव्या देत नाही मी."

हलावा आज सगळ्या खोल्यांतून फिरते आहे. कपाटामागे बघते, खाटेखाली बघते, मग माझ्याकडे बघते.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

संध्याकाळी अबूना तादरोस आले, आमच्या चर्चचे पाद्री. माझाच विद्यार्थी, आता दाढी छातीपर्यंत. उद्या लबीबचं ऑपरेशन म्हणून घरी प्रार्थना करायला आले. बरोबर चर्चचा म्हातारा सेवक बखीत. मी कॉफी केली. दोन घोट घेतले आणि अबूनांचा चेहरा पडला. कप खाली ठेवला. उभे राहिले.

"बाई... कधी?"

मला वाटलं, शाझलीच्या आईने ह्यांना ओम्दाचं सांगितलं. म्हटलं, "परवा. चार वाजता."

"त्रास झाला का फार?"

"नाही. माझ्या हातावर डोकं ठेवून गेला." आणि मला रडू फुटलं.

बखीतने छातीवर क्रूस केला आणि खिशातून फोन काढत बाहेर गेला. अबूना कपाळाला आठ्या घालून उभे. "पण तुम्ही असियूतला कधी गेलात?"

"असियूतला कशाला? इथेच गेला. खुर्चीत."

"इथे? मग... दफन?"

"पेरूखाली."

अबूना मटकन खाली बसले. "बाई, लबीबकाकांना तुम्ही पेरूखाली पुरलंत?"

तेव्हा मी कप उचलून कॉफी चाखली. कडू. साखरेचा दाणा नाही. मयताच्या घरची कॉफी! आई गेली तेव्हा केली, मार्सील गेली तेव्हा केली. परवापासून घरात मयत झालंय हे डोक्याने लपवलं, पण हातांना कोण सांगणार? त्यात आज तिसरा दिवस, मयताच्या घरी अबूना प्रार्थनेला येतात तो. तिसऱ्या दिवशी दारात अबूना आणि ताटात कडू कॉफी! कोणीही तेच समजला असता.

सगळं सांगितलं. अबूना आधी हसले, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. म्हणाले, "मांजरासाठी आपल्या पोथीत प्रार्थना नाही, बाई."

"मी मागितली का?"

"नाही." मग त्यांनी ती कडू कॉफी गाळापर्यंत प्यायली आणि परसात जरा पेरू बघून येतो म्हणाले. मार्चमध्ये पेरू! दहा मिनिटं उभे होते तिथे. पोरगा वर्गात ढ होता, पण स्वभाव चांगला.

बखीत परत आलाच नाही. घाईत असेल.

२३ मार्च, रविवार

बखीत घाईत होता, कारण तो फोनवर चर्चच्या सगळ्या मंडळींना कळवत होता — "लबीब मिखाईल प्रभूकडे गेले. परवा चार वाजता. बहिणीच्या हातावर डोकं ठेवून."

सकाळी आठला दार उघडलं तर गल्लीत मांडव! तीस-चाळीस खुर्च्या, आणि बांबू धरून हाज बदरी खाटीक. डोळे लाल. "बाई, लबीबभाऊ गेला आणि आम्हाला परक्यासारखं दुसऱ्यांकडून कळावं? कलेजीवरून थट्टा केली, माफ करा मला."

"अरे तो जिवंत आहे! आत्ता, ह्या घटकेला त्याची छाती उघडताहेत!"

बदरीने मान हलवली आणि बायकोला म्हणाला, "धक्का बसलाय बिचारीला." अबूनांनी खरं सांगितलं असतं, पण ते पहाटेच रविवारच्या प्रार्थनेला दुसऱ्या गावी गेलेले.

शफीकला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. नऊला बंद, दहाला बंद, अकराला बंद. बाहेर माणसं येतच होती. आमच्या चर्चचे, मुसलमान शेजारी, रेल्वेतले जुने, लबीब तिकीट तपासनीस असताना त्याने विनातिकीट सोडून दिलेले. बायका आत येऊन माझ्याभोवती बसल्या. जो येतो तो ताट घेऊन येतो. चौदा ताटं मोजली, सगळी मसुराची. मी प्रत्येकीला सांगते, तो जिवंत आहे. प्रत्येकजणी माझा हात थोपटते.

मी वर्गात शिकवलं की पृथ्वी गोल आहे हे हात वर करून ठरत नाही. पण बाहेर चाळीस माणसं काळ्या कपड्यांत, आणि हातात तो बंद फोन. बाराच्या सुमाराला माझंच मन म्हणायला लागलं की ह्यांना काहीतरी माहीत असेल. खोटी बातमी म्हणतेस, पण ओम्दा तर खरंच गेला ना? आणि मग मला रडू आलं, तर बायका म्हणाल्या, हां, आता मोकळी झाली.

तीन वाजता शफीक. "चार्जर घरी विसरलो गं. आत्ता एकाचा मागितला. झालं नीट. शुद्धीवर आलाय."

"काय म्हणतोय?"

"पाणी मागतोय. देत नाहीत म्हणून शिव्या देतोय."

मी मांडवात गेले. पुरुषांच्या मांडवात, डोक्यावरचा रुमाल कुठे गेला होता कोण जाणे. म्हटलं, लबीब जिवंत आहे. ऑपरेशन झालं. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग गेलं कोण?"

सांगावं लागलं. "बोका."

वाटलं आता हसतील. एक जण हसला नाही. म्हातारा म्हणाला, "जुळ्यातला ना तो? मग बरोबर. वरच्याने भावाच्या जागी बोका नेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ह्याला चार मुद्द्यांत उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही. बदरीच्या गळ्यात पडले. खाटकाच्या, भर मांडवात!

खुर्च्यांचं भाडं संध्याकाळपर्यंतचं दिलेलं, म्हणून कोणी उठलं नाही. सूर्यास्ताला तोफ झाली आणि सगळ्या मुसलमान मंडळींनी आमच्या मसुरावर रोजा सोडला. बदरी म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी उपास नसताना मरायला सांगा."

२५ मार्च, मंगळवार

खुर्ची रिकामी आहे. आज बसून बघितलं. मऊ आहे. लगेच उठले.

२८ मार्च, शुक्रवार

लबीबला आज फोन दिला. आवाज बारीक, पण थट्टा जागेवर. "ऐकलं, मी वारलो. मसूर कसा होता?" रेल्वेतल्या कोणीतरी श्रद्धांजली लिहून पाठवलेली, ती त्याला स्वतःलाच आली.

मग विचारतो, "पण कडू कॉफी कोणासाठी केली होतीस?"

"साखर संपली होती."

"वदीदा, तुझ्या घरात साखर संपेल? ओम्दाला फोनजवळ आण. आवाज ऐकू दे."

मी हलावाला उचललं आणि चिमटा काढला. ती ओरडली. देवा, ह्या उपासात माझी पापं मोजायची वेळ आली तर पान पुरायचं नाही.

लबीबने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. झोप." आणि ठेवला.

२९ मार्च, शनिवार

शाझलीची आई दारात, पदराला हात पुसत. "बाई, रागावू नका. लबीबभाऊंचा फोन आला होता मला. सरळ विचारलं — ओम्दा आहे का? माझा रोजा आहे. खोटं कसं बोलू? तीस दिवसांचं पुण्य एका बोक्यापायी घालवू?"

"माझाही उपास चालू आहे. मी नाही का बोलले?"

"तुमचे पंचावन्न दिवस आहेत, तुम्हाला भरून काढता येईल."

तेव्हापासून लबीबचा फोन वाजतोय. दहा वेळा, बारा वेळा. मी घेतला नाही. काय सांगू? गोड आहे, पडदा ओरबाडला, हे सगळं कोणत्या तोंडाने परत घेऊ? शेवटी फोन गादीखाली घातला. उद्या बोलेन.

३० मार्च, रविवार

सकाळी शफीकचा फोन, कसाबसा ऐकू आला गादीतून. लबीब खाटेवर नाही! डॉक्टरांनी बुधवारी सोडायचं सांगितलं होतं. हा शफीक चहाला खाली गेला तेवढ्यात पळाला. रेल्वेतला माणूस, सगळे गार्ड ओळखीचे, कोणत्याही गाडीत बसवतील. आठ दिवसांपूर्वी छाती उघडलेली, आणि हा मूर्ख एका बोक्याच्या मातीला निघाला! येऊ दे. बोका गेला ते गेलं, पण जीव धोक्यात घालायचा? असा झापते की गल्ली ऐकेल. सगळी वाक्यं तयार आहेत.

३१ मार्च, सोमवार

काल चारला आला. अंगात इस्पितळाचा सदरा, पायात इस्पितळाच्या चपला. मी तोंड उघडायच्या आत त्याने माझा हात धरला आणि नाडी शोधायला लागला, तीही कोपराजवळ. मग पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "फोन का घेत नव्हतीस गं? मला वाटलं, गेलीस तू."

उंटिणीचं दूध पाजलं की जुळ्यांचा जीव झोपेत बाहेर जात नाही, हे मला माहीत होतं. आमच्या वेळी ते एकच वाटी मिळालं होतं, हे माहीत नव्हतं; ते काल पायरीवर त्याने सांगितलं. आईने ते मुलाला पाजलं. मरताना त्यालाच सांगून गेली — मांजर होऊन फिरते ती वदीदा आहे, तिला कळू देऊ नकोस.